सणाच्या घरातील मुका सोबती

दिवाळी जवळ आली की घराचे रूप पालटते. भिंती झाडल्या जातात, डबे घासले जातात, माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरतो. परगावचे आप्त येऊ लागतात आणि दाराशी पादत्राणांची रांग लागते. या धामधुमीचा अर्थ घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो एकट्या कुत्र्याला. आपली निजण्याची सतरंजी कोणी उचलली, जेवणाची वेळ का टळली, अनोळखी माणसे घरात का शिरत आहेत, यांतले काहीच त्याला उमगत नाही. त्याच्याशी सर्वांत अधिक खेळणारी बहुधा घरातील मुलेच असतात. तेव्हा या दिवसांत त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे कामही त्यांच्याकडेच येते.

पहिले संकट आवाजाचे. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. कुत्र्याचा कान सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत पोहोचतो. ज्याला पलीकडच्या आळीतील पावलांची चाहूल लागते, त्याच्या कानाशी सुतळी बाँब फुटला म्हणजे त्याची काय अवस्था होत असेल! तो थरथर कापतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, पलंगाखाली दडतो आणि दार उघडे दिसले की वाट फुटेल तिकडे धावत सुटतो. अशा धावण्यात तो वाहनाखाली सापडतो, किंवा इतका दूर जातो की परतीची वाट त्याला गवसत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात फटाके वाजविण्यास कायद्याने बंदी आहे खरी. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे ती किती जणांना आठवते, हा प्रश्नच आहे.

यावर उपाय सोपा आहे, मात्र तो आधी योजावा लागतो. घरातील सर्वांत आतली, रस्त्यापासून दूरची खोली त्याच्यासाठी ठरवावी. तेथे त्याचे अंथरूण, पाण्याचे भांडे आणि घरच्या माणसाचा एखादा वापरलेला कपडा ठेवावा. खिडक्या लावून पडदे ओढावेत. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर बाहेरचा आवाज काहीसा बुजतो. ही खोली त्याला सणाच्या आठ-दहा दिवस आधीच सवयीची करावी. ऐन गडबडीत कोंडले तर ती त्याला शिक्षा वाटेल. फिरावयास न्यावयाचे ते दिवस मावळण्यापूर्वी, आणि तेही साखळी नीट अडकवूनच. गळ्यातील पट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. भ्यालेल्या कुत्र्याला कुरवाळले तर त्याची भीती वाढते, असा एक समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. जवळ बसून हलकेच हात फिरविला तर त्याला धीरच येतो. माणसांसाठी असलेले झोपेचे औषध मात्र त्याला कदापि देऊ नये.

दुसरे संकट ताटातले आहे, आणि ते प्रेमाने चालून येते. आलेला प्रत्येक पाहुणा कुत्र्यापुढे काहीतरी टाकतो. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा मुलांना केवढा आवडतो! पण हाच बेदाणा, आणि तो ज्यापासून होतो ते द्राक्ष, कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकते. किती खाल्ल्याने अपाय होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक निराळे असते. म्हणून एकही देऊ नये, हेच बरे. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली मांडले. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते, तेव्हा चिंचेपासूनही कुत्र्याला दूरच ठेवलेले बरे. चॉकलेटातील थिओब्रोमिन नावाचे द्रव्य माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते. कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश जाते आणि त्याच्या हृदयाला व मज्जासंस्थेला बाधा करते. चॉकलेट जितके काळे, तितके ते अधिक घातक. कांद्या-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि हे काही दिवसांनी लक्षात येते. चकली, शेव, चिवडा हे विष नव्हेत, पण तेलकट खाण्याने त्याला वांत्या होतात व कधी स्वादुपिंड सुजते.

नेपाळात नरकचतुर्दशीच्याच दिवशी ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्यांना कपाळी टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड खाऊ घालतात. भावना सुंदर आहे; तिला योग्य खाद्याची जोड मिळाली म्हणजे झाले. आपल्याकडे पाहुण्याचा हात रिकामा राहू नये असे वाटत असेल, तर शिजवलेल्या बिनमिठाच्या कोंबडीचे चार तुकडे एका वाटीत तयार ठेवावेत आणि तेच त्याला द्यावयास सांगावे. एवढे करूनही काही भलते पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. त्या मिठानेच जीव धोक्यात येतो. काय खाल्ले, किती व केव्हा, हे ध्यानात ठेवून ताबडतोब पशुवैद्याला गाठावे.

भाऊबीजेला आत्या, मामा, त्यांची मुले अशी घरभर दाटी होते. त्यांतील एखादे लहान मूल कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारते, कोणी शेपूट ओढते, कोणी तो जेवत असता त्याच्या थाळीत हात घालते. कुत्रा एकाएकी चावला, असे मग मोठी माणसे म्हणतात. वास्तविक तो एकाएकी क्वचितच चावतो. त्याआधी तो तोंड फिरवितो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, शेपूट पायांत घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरपा पाहतो. ही त्याची भाषा होय. ती कोणी वाचली नाही म्हणजे तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणे हा मोठाच अविचार. मार खाऊन गुरगुरणे बंद झाले, तरी भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सूचना न देताच दात लागतात. अशा वेळी मुलाला दूर करावे व कुत्र्याला त्याच्या खोलीत जाऊ द्यावे. झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याजवळ कोणी जावयाचे नाही, हे पाहुण्या मुलांना घरच्या मुलांनीच सांगितलेले अधिक पटते.

दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची असले काही तीवर लावू नये. कुत्रा घरचा असो वा बाहेरचा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिसाळी रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळीच लस टोचली तर तो रोग होतच नाही. लुई पाश्चर यांनी जुलै १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलाला ही लस प्रथम टोचली आणि तो वाचला. घरच्या कुत्र्यालाही दरवर्षी पशुवैद्याच्या सल्ल्याने लस टोचून घ्यावी, आणि ती सणाच्या पुरेशी आधीच.

सकाळी अंगण झाडण्यापूर्वी कुत्र्याला बाहेर सोडू नये. फुलबाजीच्या तारा, न फुटलेले लवंगी फटाके, पणतीतील सांडलेले तेल, फराळाच्या पुडीचा कागद असे सारे तेथे पडलेले असते, आणि तो सर्वांत आधी नाक लावतो तो यांनाच.