आधी बिदागी, मग मांडव

प्रश्न : आमचं धुळे जिल्ह्यात वहीगायनाचं, म्हणजे डफाच्या साथीनं गायच्या लोकगीतांचं मंडळ आहे. वर्गणी पुरत नाही. कंपन्या मदत करतील का?

उत्तर : करू शकतात. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आहेत, त्यामुळे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी वहीगायनातल्या डफाच्या साथीलाही चालतो. मात्र नोंदणीकृत न्यास किंवा संस्था, प्राप्तिकराची १२-अ व ८०-जी नोंदणी, सीएसआर-१ अर्जाची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. पावत्या, फोटो आजपासूनच जपा.

तोवर गावाचा हात सोडू नका. कानबाईच्या सणात रोटांच्या नैवेद्यासाठी माणसागणिक मोजून गहू काढतात ना, तसाच घरटी वाटा ठरवा. आणि पहिला खर्च गायकांच्या बिदागीचा लिहा. मांडव-साउंडवर हजारो उडतात नि रात्रभर गाणाऱ्याच्या हाती नारळ पडतो, हे मला फार सलतं.