विद्युच्चुंबकास स्पंदित प्रवाह कसा द्यावा

लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळून त्यात प्रवाह सोडला की त्याचा चुंबक होतो. प्रवाह थांबला की चुंबकत्व जाते. असा विद्युच्चुंबक विल्यम स्टर्जन याने इंग्लंडात १८२५ साली केला. दारावरची घंटा, तारायंत्र, पाण्याची विजेवर चालणारी झडप ही सारी त्याचीच संतती होय. प्रवाह सलग न देता थांबून थांबून दिला, म्हणजे स्पंदित केला, तर चुंबक ठोके देऊ लागतो. आपल्या समाजातील अनेक विद्यार्थ्यांना असे यंत्र घरी करून पाहण्याची हौस असते. परंतु पुष्कळदा पहिल्या काही ठोक्यांतच ट्रान्झिस्टर जळतो आणि हौसही तेथेच विझते. असे का होते व ते कसे टाळावे, एवढाच या पाठाचा विषय आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन उघडले, तेव्हा तंत्रविद्या लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावी हा विचार त्यामागे होता. त्याच वाटेने जाऊन आम्ही हा विषय मराठीत मांडीत आहोत.

वेटोळ्याचा स्वभाव

जात्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे लगेच पटेल. जाते प्रथम फिरविताना जड लागते. पण एकदा फिरू लागलेले जाते एकदम रोखू गेल्यास मनगटाला हिसका बसतो. वेटोळ्यातील प्रवाहाचे असेच आहे. तो एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. या गुणास स्वयंप्रवर्तन म्हणतात. अमेरिकेतील जोसेफ हेन्री याने १८३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, व त्याच्याच नावाने हा गुण 'हेन्री' या एककात मोजतात.

आता एक उदाहरण घेऊ. वेटोळ्याचा रोध ६ ओहम, स्वयंप्रवर्तन ६० मिलिहेन्री आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे. १२ ला ६ ने भागता प्रवाह २ अँपिअर येतो; पण तो लगेच मिळत नाही. ६० ला ६ ने भागता १० मिलिसेकंद येतात. हा वेटोळ्याचा कालांक होय. एवढ्या वेळात प्रवाह अंतिम मूल्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १.२६ अँपिअरपर्यंत चढतो. पूर्ण २ अँपिअर होण्यास कालांकाच्या पाचपट, म्हणजे ५० मिलिसेकंद लागतात. यावरून पहिला नियम निघतो: स्पंदाची लांबी आपल्या मर्जीने नव्हे, वेटोळ्याच्या कालांकावरून ठरवावी. त्याहून फार आखूड स्पंदात चुंबकाला जोर येतच नाही.

ठोके देणारे मंडल

ठोक्यांची लय राखण्यास ५५५ हे टायमर चकती-मंडल घ्यावे. १९७२ साली बाजारात आलेले हे मंडल आजही स्वस्तात मिळते. त्याचा ८ वा व ४ था पाय बॅटरीच्या धन टोकास, १ ला ऋण टोकास जोडावा. धन टोक व ७ वा पाय यांत १ किलोओहम, ७ वा व ६ वा यांत १५ किलोओहम रोध घालावा. २ रा व ६ वा पाय एकत्र करून तेथून ऋण टोकाकडे १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर द्यावा. यात प्रवाह सुमारे १११ मिलिसेकंद चालू व १०४ मिलिसेकंद बंद राहतो. म्हणजे सेकंदास पाचाच्या जवळपास ठोके पडतात.

५५५ वर २ अँपिअरचा भार टाकू नये. त्याच्या ३ ऱ्या पायापासून १०० ओहममधून आय. आर. एफ. ५४० या मॉस्फेटच्या गेटला इशारा द्यावा. गेट व ऋण टोक यांत १० किलोओहम जोडावा. सोर्स ऋण टोकास, ड्रेन वेटोळ्यास, आणि वेटोळ्याचे दुसरे टोक ३ अँपिअरच्या फ्यूजमधून धन टोकास न्यावे.

प्रवाहाला परतीची वाट

खरी मेख येथे आहे. २ अँपिअर वाहत असता वेटोळ्यात ०.१२ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. मॉस्फेट बंद होताच ती वाट शोधते. वाट नसेल तर दाब शेकडो व्होल्टपर्यंत उसळू पाहतो. १०० व्होल्टपर्यंतचा दाब सोसणारा मॉस्फेट तेथेच निकामी होतो. जाते रोखणाऱ्या मनगटाचे जे होते, तेच येथे.

म्हणून वेटोळ्याला समांतर १ एन ५४०८ डायोड जोडावा. त्याची पट्टीची बाजू धन टोकाकडे असावी. आता प्रवाह वेटोळ्यातच फिरत हळूहळू विरतो. मात्र त्यालाही १० मिलिसेकंदांचाच कालांक लागतो. सेकंदास ५ ठोक्यांना हे चालते. पण कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरडचा करून ठोके २१ केले, तर बंद काळ २३ मिलिसेकंदच उरतो व त्याच्या अखेरीस सुमारे ०.२ अँपिअर शिल्लक राहतो. लोखंडी पट्टी नीट सुटत नाही.

यास उपाय असा की डायोडच्या ओळीत २२ ओहम, ५ वॅटचा रोध घालावा. कालांक २ मिलिसेकंदांच्या किंचित वर येतो व प्रवाह ११ मिलिसेकंदांत विरतो. किंमत एवढीच की मॉस्फेटवर ५७ व्होल्टपर्यंत दाब येतो. तो १०० च्या आत आहे. वेगाने सोडवायचे तर दाब सोसावा लागतो, हा या रचनेचा सारांश.

सूचना

प्रथम वेटोळ्याऐवजी १२ व्होल्टचा लहान दिवा लावून तो उघडझाप करतो की नाही पाहावे. मगच वेटोळे जोडावे. सलग प्रवाहात त्यात २४ वॅट उष्णता होते, म्हणून तापते का याकडे लक्ष ठेवावे. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर हा प्रयोग कदापि करू नये. बॅटरी १२ व्होल्टचीच आहे म्हणून वेटोळ्याची उघडी टोके हाती धरून जोड तोडू नये. त्या क्षणीचा झटका बॅटरीचा नसून वेटोळ्याचा असतो. लहान मुलांजवळ घरातील वडीलधाऱ्याने बसावे. आकडे समजून घेऊन बसविलेले मंडल वर्षानुवर्षे ठोके देत राहील, आणि ते करणाऱ्या मुलाला वीज ही भीतीची नव्हे, हिशेबाची वस्तू आहे हे कळेल.