पाना हातात घेण्याआधी

टेक्सासातल्या आमच्या गॅरेजात दोन खुर्च्यांवर उताणं पडलेलं ते धूड पाहून बायको म्हणाली, "हे शिवणयंत्र कशाला आणलंस?" चूक तिची नव्हती. पेडल स्टील गिटार पोटाकडून पाहिली की गिटार वाटतच नाही. आडवे दांडे, सळया, स्प्रिंगा, खाली पेडलं. माझी सत्तरच्या दशकातली. दहा तारा, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचा एकच लिव्हर. दुरुस्तीला तीन महिने धरले होते, चौदा लागले.

१. आधी फोटो काढा.
पेडल दाबलं की दांडा फिरतो, त्यावरची बेलक्रँक सळई ओढते, सळई घोडीतलं 'फिंगर' फिरवते, तार ताणली जाते आणि सूर चढतो. एवढं कळल्याच्या आनंदात मी पहिल्याच रविवारी आठही सळया उतरवल्या. दिसायला सगळ्या सारख्या. पण लांबीत थोडाथोडा फरक होता, आणि बेलक्रँकच्या कुठल्या भोकात कुठली सळई, यावर पेडल हलकं लागणार की जड, हे ठरतं. आत लाकडावर पेन्सिलने काही खरडलेलं होतं. तो मळ समजून मी फडक्याने पुसून काढला. ५, १०, ३, ६. आधीच्या वादकाने लिहिलेले तारांचे नंबर होते ते. विकणाऱ्याने पाठवलेल्या एका अंधुक फोटोत ते सापडले, म्हणून निभावलं.

२. ग्रीस हा शत्रू.
पन्नास वर्षांत ते थिजून डिंकासारखं झालेलं असतं. नाफ्था, जुना टूथब्रश आणि भरपूर चिकाटी. गॅरेजचं दार उघडं ठेवा, आणि गॅसचा गीझर तिथेच असेल तर काम सरळ अंगणात न्या. नंतर सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकेक थेंब, बस.

३. तिसरी तार तुटणारच.
ई-नाइन लावणीत ती सगळ्यात उंच सुराची, जाडी जेमतेम ०.०११ इंच. दुसरं पेडल तिला जी शार्पवरून ए-वर, म्हणजे ४१५ हर्ट्झवरून ४४० वर चढवतं. माझी मात्र दिवसाआड तुटायची. फिंगरच्या माथ्यावर बोट फिरवलं तर नखाला खाच लागली. बारीक पॉलिश पेपरने ती घालवली. तीच तार मग दोन महिने टिकली.

४. खरखर कुठून येते ते आधी शोधा.
मी नवा पिकअप मागवून मोकळा झालो. दोष व्हॉल्यूम पेडलच्या झिजलेल्या पॉटमध्ये होता. नवा पिकअप अजून डब्यात आहे.

५. भर घालायला लाजू नका.
जुन्या वाद्याला हात लावू नये म्हणणारे भेटतात. या वाद्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. १९५४ साली वेब पियर्सचं 'स्लोली' गाजलं. त्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर घरंगळत दुसऱ्या सुरावर गेला, आणि बाकीचे वादक आपापल्या गिटारींना पेडलं जोडायच्या मागे लागले. पुढे बडी एमन्सने लावणीत दोन तारा वाढवल्या. म्हणजे हे वाद्य वाढलंच मुळी अशा खटाटोपांतून. मी दुसरा लिव्हर बसवला. चौथी आणि आठवी तार ई-वरून डी शार्पवर उतरवणारा. माप मात्र जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून घेतलं. वाजवायची बैठक दोन इंच उंच. लिव्हर गुडघ्याऐवजी मांडीत घुसला, आणि लाकडाला विनाकारण दोन जास्तीची भोकं पडली.

६. ट्यूनरचं किती ऐकायचं?
सगळे काटे शून्यावर आणून मी पहिला ई मेजर छेडला, तर कानाला टोचला. यात नवल नाही. पियानोच्या समान अंतराच्या पट्टीतला गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. पियानोवर तो खपून जातो, पण लांबत जाणाऱ्या स्टीलच्या सुरात लपत नाही. म्हणून इथले कित्येक वादक जी शार्पच्या तारा कानाने थोड्या उतरवून लावतात. आईच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार लहानपणापासून कानात होता. ट्यूनर बंद केला, डोळे मिटले, तार हळूहळू उतरवत नेली, आणि एका जागी सगळा कॉर्ड शांत झाला.

तेवढ्यात पहिली दोन पेडलं एकत्र दाबली, तर न ओढलेली ई-ची तार चार-पाच सेंट पडली. महिनाभर स्क्रू आवळत बसलो. पण ताण वाढला की लाकूडच किंचित वाकतं, त्याला स्क्रू काय करणार? आता ई पहिल्यापासून केसभर चढी लावतो.

शेवटी गिटार पुन्हा उताणी केली आणि पुसलेले आकडे त्याच जागी पेन्सिलने लिहिले. नव्या लिव्हरच्या सळयांपाशी ४ आणि ८. त्या दोन भोकांपाशी काही लिहिलं नाही.