काडी नसलेल्या गाडीचं तेल

व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेली माणसं जबलपूरच्या रांझी भागात आजही पुष्कळ भेटतात. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यातून शक्तिमान ट्रक निघाले, निस्सानच्या घडणीची जोंगा निघाली. जोंगाच्या तर नावातच जबलपूरचं आद्याक्षर आहे. फौजेच्या गाडीची किल्ली सकाळी फिरण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते. टायर, पाणी, बॅटरी बघायची, बोनेट उघडून डिपस्टिक ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून तेल कुठवर लागलंय ते पाहायचं. ही सवय अंगात मुरलेला माणूस मुलाने घेतलेल्या नव्या गाडीचंही बोनेट उघडतो. आणि काही गाड्यांत त्याला काडीच सापडत नाही.

बीएमडब्ल्यूने २००५ च्या सुमारास आपल्या बऱ्याच इंजिनांतून डिपस्टिक काढून टाकली. ऑडी आणि पोर्शच्या अनेक मॉडेलांतही तेलाचं माप फक्त पडद्यावर दिसतं. या गाड्या जबलपुरात नव्या फार येत नाहीत, जुन्या मात्र येतात, आणि त्यामागे दिल्ली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आलेल्या मोठाल्या गाड्या तिकडे पडत्या भावात विकायला निघाल्या आणि इकडे येऊन त्यांच्यावर एमपी २० ची पाटी लागली.

राइट टाउनमधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी अशीच एक जर्मन डिझेल सेडान घेतली. मराठी घर, मुलगी नागपूरला दिलेली, त्यामुळे नागपूरच्या फेऱ्या ठरलेल्या. एका फेरीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं. मिस्त्रीने जुनं तेल सोडलं, फिल्टर बदलला, पाच लिटरचा डबा रिकामा केला आणि पडद्यावर पाहिलं. पडदा तेल कमीच दाखवत होता. “अंकल, अभी भी कम बता रहा है,” म्हणत त्याने आणखी ओतलं. पडदा हलला नाही. आणखी थोडं ओतलं.

दुसऱ्या दिवशी लखनादौन मागे पडलं आणि पडद्यावर सूचना आली: तेलाची पातळी कमाल खुणेच्या वर. मागून निळसर धूरही दिसू लागला होता. गृहस्थांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, हे त्यांचं शहाणपण. शिवनीच्या मिस्त्रीने तेल मापाच्या डब्यात सोडून पाहिलं, तेव्हा दीड लिटर जास्त निघालं.

सेन्सर बिघडला होता का? अजिबात नाही. आदल्या संध्याकाळी पडदा दाखवत होता ते माप तेल बदलण्यापूर्वीचं होतं. अशा बऱ्याच गाड्यांचा संगणक इंजिन पूर्ण तापल्यावर, काही वेळ गाडी चालल्यावरच नवं माप घेतो आणि तोवर जुनाच आकडा दाखवतो किंवा माप उपलब्ध नाही असं सांगतो. मिस्त्री थंड इंजिनात तेल ओतत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. सेन्सरला अजून प्रश्नच पोचला नव्हता.

आत काय चालतं ते कळलं की हे कोडं राहत नाही. सेन्सर इंजिनच्या तळाशी, तेलाच्या कुंडात बसवलेला असतो. एका प्रकारात त्यातला छोटा घटक विजेने तापवतात आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. तेल जास्त असेल तर तो लवकर निवतो. दुसऱ्या प्रकारात श्राव्यातीत ध्वनीचा ठोका तळातून वर जातो, तेलाच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून उंची निघते. तेल तापलं की त्यातून ध्वनी जाण्याचा वेग बदलतो, म्हणून तापमानही सोबत मोजावं लागतं. चालत्या गाडीत तेल हिंदकळतं, नागपूरच्या वाटेवरच्या कुरईच्या घाटात तर वळणागणिक कलतं. त्यामुळे संगणक एका क्षणाच्या आकड्यावर विसंबत नाही, अनेक मापांची सरासरी काढतो. सरासरीला वेळ लागणारच.

तेल जास्त झालं तर बिघडलं काय, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. बिघडतं. फिरता क्रँकशाफ्ट वर आलेल्या तेलात आपटतो आणि तेलाचा फेस करतो, आणि फेसाळलेलं तेल बेअरिंगला नीट वंगण देत नाही. डिझेल इंजिनात हे तेल श्वासनळीतून हवेच्या मार्गात शिरलं तर सिलिंडरमध्ये इंधनासारखं जळतं, आणि इंजिन किल्ली बंद करूनही आवरत नाही अशी वेळ येऊ शकते. लखनादौनपुढचा निळा धूर ही त्याचीच पहिली खूण होती.

मारुती, टाटा, ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांत काडी आहे, म्हणून त्यांच्या मालकांनी निश्चिंत व्हावं असंही नाही. त्यांचा गैरसमज निराळा आणि कदाचित जास्त महागडा आहे. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली घसरला की तो लागतो. तेल कमी होत होत पंपाच्या तोंडाशी हवा येऊ लागेपर्यंत दाब बरा असू शकतो, म्हणजे दिवा लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाल दिवा लागला तर पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, गाडी तिथेच थांबवायची. पिवळा दिवा असेल तर तो सहसा पातळीचा. त्यावर सवडीने, पण त्याच दिवशी तेल घालावं.

मग काडी बरी आणि सेन्सर वाईट, असा निकाल रांझीतले जुने लोक देतात. तो पटत नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन मोजणारं यंत्र बंद होतं, म्हणून टाक्या काडीने मोजल्या. माप बरोबर आलं, पण लिटरचं वजन काढताना किलोच्या जागी पौंडांचा गुणक वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर उडालेलं विमान हवेतच बंद पडलं आणि कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवावं लागलं. माणसं वाचली. म्हणजे काडी खरी असूनही माणसाचा हिशेब चुकू शकतो.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर डिझेलवाल्यांच्या वाट्याला आणखी एक पेच आला. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ करायला संगणक जादा डिझेल सोडून धूर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो. त्यासाठी गाडी सलग काही वेळ चालावी लागते. घर ते गोलबाजार, गोलबाजार ते सदर एवढंच फिरणाऱ्या गाडीत ही साफसफाई अर्ध्यावर तुटते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. पातळी घटण्याऐवजी चढते. काडीवर तेल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर खूश होऊ नये, तेल बदलावं. अशा गाडीला अधूनमधून बरगीच्या धरणापर्यंत मोकळ्या रस्त्याने फिरवून आणलं तर गाळणीही साफ होते.

काडी नसलेल्या गाडीत तेल बदलताना पडद्याकडे बघतच बसू नये. पुस्तिकेत फिल्टरसह किती लिटर लागतं ते लिहिलेलं असतं. तेवढंच मापाने ओतावं, गाडी तापेपर्यंत चालवावी, सपाट जागी उभी करावी आणि मग तिच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने माप घ्यावं. काही गाड्या इंजिन चालू ठेवून मोजतात, काही बंद करून थोडा वेळ थांबायला लावतात. मधेच तेल घालायची वेळ आली तर एकदम लिटर नको. किमान आणि कमाल खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत जेमतेम लिटरभराचं अंतर असतं, म्हणून पावशेर-पावशेर घालून पुन्हा मोजावं.

दिल्लीहून आलेली जुनी गाडी पसंत पडली असेल तर व्यवहारापूर्वी ती तापेपर्यंत स्वतः चालवावी आणि तेलाचं माप पडद्यावर उमटताना डोळ्यांनी पाहावं. ‘माप उपलब्ध नाही’ ही ओळ तशीच राहिली आणि विकणारा म्हणाला की या गाड्यांचं असंच असतं, तर सेन्सर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.