जहाजांचे प्रदूषण : एरंडोल ते उरण

एरंडोल हे अंजनीकाठचे गाव. येथून समुद्र दिसत नाही. तरीही अंजनीचे पाणी गिरणा आणि तापी या नद्यांवाटे सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते, आणि तालुक्याचा व्यवहारही त्याच समुद्राशी जोडलेला आहे. केळी व कपाशीला दिले जाणारे पोटॅश जवळजवळ सर्व परदेशांतून जहाजाने येते. जळगाव जिल्ह्याची केळी आखाती देशांकडे जातात ती उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून, शीतपेट्यांत भरून. वजनाच्या हिशेबाने देशाच्या परराष्ट्रीय व्यापारापैकी सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गानेच जातो-येतो. तेव्हा ही जहाजे हवेत आणि पाण्यात काय सोडतात, हा प्रश्न केवळ कोळीवाड्यांपुरता राहत नाही.

प्रथम धुराचा विचार करू. तेलशुद्धीकरणात पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो घट्ट काळा अवशेष उरतो, तो मोठ्या जहाजांचे परंपरागत इंधन होय. एरंडोलच्या पंपावर ट्रॅक्टरसाठी मिळणाऱ्या डिझेलमध्ये एप्रिल २०२० पासून दहा लाख भागांत गंधकाचे अधिकाधिक १० भाग चालतात. जहाजांच्या इंधनात २०१९ अखेरपर्यंत हेच प्रमाण ३५,००० भागांपर्यंत चालत असे. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ५,००० वर आणण्यात आली. सुधारणा मोठी खरी. पण आपल्या ट्रॅक्टरच्या मानाने अजूनही पाचशे पट! शिवाय धूर धुऊन काढणारे यंत्र बसविल्यास जुने इंधन वापरण्याची मुभा आहे. या यंत्रांच्या एका प्रकारात धुतलेले पाणी परत समुद्रातच सोडले जाते, म्हणजे हवेतील पीडा पाण्यात जाते.

तेलगळतीचा अनुभव महाराष्ट्राने स्वतः घेतला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी, जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडलेले 'एमएससी चित्रा' आणि आत येणारे 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा'वर १,२१९ कंटेनर होते. जहाज कलंडताच शेकडो कंटेनर पाण्यात पडले; घातक रसायने व कीटकनाशके असलेले कंटेनरही जहाजावर होते. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. तरंगत्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली आणि देशाच्या अंतर्भागातून आलेला माल धक्क्यावर अडकून पडला.

तटरक्षक दलाने जहाजे व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने तेल विखुरणारी द्रव्ये फवारली. परंतु किनाऱ्यास लागलेले तेल अशा फवारणीने जात नाही. उरण, अलिबाग परिसरातील खारफुटीत ते शिरले. खारफुटीची मुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरते, आणि माशांची पिले वाढतात ती याच झाडांच्या आश्रयाने. हे संकट आले तेही नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, नवा मासेमारी हंगाम सुरू होत असताना. मासळी विषारी झाली असेल या भीतीने गिऱ्हाईक फिरकेना. ज्या मच्छीमाराचे जाळे तेलाने माखले नव्हते, त्याचाही बाजार बसला. शेतमालाचा भाव अफवेने पडल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६० हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन निघालेले 'रॅक कॅरिअर' हे जहाज मुंबईपासून काही अंतरावर बुडाले आणि त्यातूनही तेलगळती झाली. पर्यावरणाच्या हानीबद्दल १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजाच्या मालकांना दिला तो २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

इतका विलंब का लागतो? जहाजाचा मालक एका देशाचा, ध्वज दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे आणि माल चौथ्याचा, असा हा व्यवसाय आहे. 'चित्रा'वर पनामाचा ध्वज होता. एकट्या देशाचा कायदा येथे पुरा पडत नाही. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज फुटून सुमारे सव्वा लाख टन तेल सांडले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने १९७३ मध्ये 'मार्पोल' करार झाला. १९७८ मध्ये त्यात भर पडली व १९८३ पासून तो अमलात आला. जहाजाच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी गाळल्यावाचून सोडता येत नाही. गाळलेल्या पाण्यातही दहा लाख भागांत तेलाचे १५ भागच चालतात. प्रत्येक हालचालीची नोंद तेल नोंदवहीत करावी लागते. प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास पूर्ण मनाई आहे.

नियम चांगले आहेत; उणीव साक्षीदाराची आहे. रात्री भर समुद्रात टाकी धुणाऱ्या जहाजास पाहणार कोण? गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे वाहून येतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. पण गोळ्यांवर जहाजाचे नाव नसते. म्हणूनच बंदरात आलेल्या परदेशी जहाजाची तपासणी करण्याचा व दोष आढळल्यास ते रोखून धरण्याचा अधिकार महत्त्वाचा ठरतो. हिंदी महासागरातील देशांनी अशा तपासणीसाठी आपसांत समझोता केला असून त्याचे सचिवालय गोव्यात आहे. मोठ्या गळतीच्या वेळी समन्वयाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे असते. 'चित्रा'च्या अपघातानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, याच कामासाठी बांधलेले 'समुद्र प्रहरी' हे जहाज मुंबईत सेवेत दाखल झाले.

राहिला प्रश्न हवामानाचा. मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के वायू जहाजांतून निघतात. २०५० च्या सुमारास हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे धोरण सागरी संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारले. मर्यादेबाहेर वायू सोडणाऱ्या जहाजांवर आकारणी करण्याची योजना एप्रिल २०२५ मध्ये संमत झाली. मात्र तिच्या अंतिम स्वीकाराचा निर्णय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक वर्षाने पुढे ढकलण्यात आला. अशी आकारणी प्रत्यक्षात आली, तर तिचा काही अंश वाहतूकखर्चात मिसळून एरंडोलच्या बाजारातील पोटॅशच्या गोणीपर्यंत येईल. तो कोणी किती सोसावयाचा, हाही त्या वाटाघाटींतील एक वादाचा मुद्दा आहे.