घरचे दप्तर आणि दोन डिस्कांची पेटी

मराठीच्या वर्गात 'लीळाचरित्रा'ची हकीकत आपण सर्वांनीच ऐकली आहे. म्हाइंभटांचा मूळ ग्रंथ परचक्राच्या धामधुमीत नाहीसा झाला आणि पुढे अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला, अशी महानुभावांची परंपरा सांगते. एकपाठी हिराइसेचे नाव त्यात आदराने घेतले जाते. ज्या यवतमाळात शारदाश्रमाच्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी या पंथाच्या पोथ्यांचा अभ्यास केला, तेथील विद्यार्थ्याला ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. परंतु आमच्या घरचे दप्तर तोंडपाठ असणारी हिराइसा कोठून आणायची?

हे दप्तर आता कागदावर राहिलेले नाही. दिवंगत आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, शेताच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, चार मोबाइलमधील फोटो, असे सारे मिळून सुमारे 700 जीबी होते. गूगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद केली. उरली ती पंधरा जीबी. म्हणून घरच्या राउटरला जोडायची साठवणपेटी, जिला 'नास' म्हणतात, ती कोणती घ्यावी याचा विचार मी या सुटीत केला.

एका डिस्कची पेटी स्वस्त; पण डिस्क गेली की सर्वस्व गेले. दोन डिस्कांच्या पेटीत तीच माहिती दोन्हींवर एकाच वेळी लिहिता येते. यालाच 'रेड 1' म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहते. मात्र येथेच पुष्कळांची फसगत होते. चुकून फोटो पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. चोरी, आग, वीज यांपुढे दोन डिस्का म्हणजे एकाच घरातील दोन भिंती! 22 जुलै 2023 रोजी आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यात आनंदनगरला लोक पाण्याने वेढले गेले. अशा पुरात पेटी कोणत्या कंपनीची आहे, हा प्रश्नच उरत नाही.

यास्तव पेटी घेतानाच तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कचे पैसे बाजूला काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चार डिस्कांच्या पेटीचा मोह घरगुती कामाला व्यर्थ आहे. इंटरनेटवरून दूर प्रत पाठविण्याचाही मार्ग आहे. पण 20 मेगाबिटच्या वेगाने आमचे 700 जीबी चढायला अखंड तीन दिवसांहून अधिक लागतील. घरात गिगाबिटच्या तारेने तेच काम काही तासांत होते.

डिस्क निवडताना एक बारकावा ध्यानी घ्यावा. काही डिस्कांवर नोंदींच्या ओळी कौलांसारख्या एकीवर एक चढविलेल्या असतात. मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच येथेही होते. नवी डिस्क घालून प्रत पुन्हा भरताना फार वेळ जातो. 2020 साली यावरून वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्कांबाबत बराच गाजावाजा झाला होता. खरेदीपूर्वी 'सीएमआर' असा उल्लेख पाहून घ्यावा.

आपल्याकडच्या मे महिन्यात ही पेटी टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नये. वीज अचानक गेल्यास लिहिणे अर्धवट राहते, म्हणून लहानसा यूपीएस हवाच. आणि बाहेरगावाहून पाहता यावे या हौसेने ती थेट इंटरनेटवर उघडी टाकू नये. जून 2021 मध्ये 'माय बुक लाइव्ह' पेट्यांतील माहिती परस्पर पुसली गेली, तर जानेवारी 2022 मध्ये 'डेडबोल्ट'ने क्यूनॅपच्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली.

कुलपाचीच आणखी एक बाजू आहे. महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. ती उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्यांना ते बंदच होते. बाहेरच्या डिस्कला सांकेतिक कुलूप घातले, तर परवलीचा शब्द घरातील दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असावा. आमच्याकडे तो आईच्या वहीत लिहिलेला आहे.

शेवटी दोन डिस्कांची साधी पेटी ठरली. तिसरी डिस्क दारव्ह्याला मामांकडे राहील. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती आणून नवी भर घालायची, चार फाइली उघडून पाहायच्या आणि परत पाठवायची. पहिली फाइल आजीच्या ओव्यांची उघडायची, असे आईने आताच बजावले आहे.