अर्ज कसा लिहावा: भाचीस पत्र

शिरूर (घोडनदी),
आषाढ शुद्ध पंचमी

चि. ताई,

तुझे पत्र पोहोचले. दौंडच्या महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले आणि इतिहास हा विषय तू आवडीने घेतलास, हे वाचून फार समाधान वाटले. परंतु फळ्यावरचे काही दिसत नाही, प्रश्नपत्रिका वाचण्यातच पहिला अर्धा तास जातो, असे लिहून झाल्यावर ‘सवलत मागायला संकोच वाटतो, परीक्षा जवळ आली की सरांच्या कानावर घालीन’ असे जे तू शेवटी लिहिले आहेस, त्यासाठीच आज हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

संकोचाचे मूळ मला ठाऊक आहे. घरातल्या मुलीचे अधूपण चारचौघांत बोलू नये, बोलले तर पुढे लग्नाकार्यात अडचण येईल, या भीतीने आपल्याकडच्या कित्येक घरांनी मुलींची दृष्टी, श्रवण, चालणे यांविषयी वर्षानुवर्षे मौन पाळले. औंधच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जाण्याचे तुझ्या आईने, अक्काने, कितीदा पुढे ढकलले, ते तू पाहिलेच आहेस, आणि त्यामागे तिची माया होती हेही तू जाणतेस. परंतु दौंडहून शिरूरला येताना एस.टी.च्या भाड्यातली 75 टक्के सवलत तू त्याच दाखल्याच्या आधारे घेतेस, वाहकापुढे कार्ड धरताना तुला काही कमीपणा वाटत नाही. मग प्राचार्यांपुढे तोच दाखला ठेवताना मान खाली का जावी? प्रवासात तर केवळ पैसे वाचतात. परीक्षेत जे ठरावयाचे आहे ते तुझे ज्ञान, आणि त्याचे माप डोळ्यांच्या दुबळेपणामुळे खोटे पडू नये, एवढेच तू मागत आहेस.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम संसदेने 2016 साली संमत केला आणि 19 एप्रिल 2017 पासून त्याचा अंमल सुरू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, नव्यात एकवीस आली. तुझी अल्पदृष्टी दोहोंतही आहे. नव्या कायद्याच्या सतराव्या कलमात, अशा विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार परीक्षापद्धतीत योग्य ते फेरफार करावेत, जादा वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, असे शासनाचे कर्तव्य नमूद आहे. आणि त्याहून मोलाची गोष्ट ही की, संस्थेवर अवाजवी भार न पडता जी सोय करता येण्याजोगी आहे ती नाकारणे, याचा समावेश त्या कायद्याने भेदभावाच्या व्याख्येतच केला आहे. कोणाच्या मेहेरबानीवर ही गोष्ट सोडलेली नाही.

मात्र तुझ्या डोळ्यांना नेमके काय दिसते, काय दिसत नाही, सकाळी किती वेळ वाचता येते आणि दुपारी किती, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते तू सांगितल्यावाचून प्राचार्यांनाही कळणार नाही, विद्यापीठालाही नाही. म्हणून अर्ज कसा लिहावा, यावर मी विशेष भर देतो. सरकारी कचेरीत माझी उभी हयात अर्ज वाचण्यात गेली, आणि दुःखी माणसांचे अर्ज बहुधा एकाच रीतीने बिघडलेले मी पाहिले: दोन-अडीच पाने हकिगत, आजार कधी झाला, कोणकोणते वैद्य केले, घरची परिस्थिती कशी, आणि अगदी अखेरच्या ओळीत ‘तरी योग्य ती मदत व्हावी’. वाचणाऱ्याचे मन द्रवते, परंतु शेरा काय मारावा हे त्याला उमगत नाही, आणि कागद फायलीत पडून राहतो. तू दुःखाची कैफियत लिहू नकोस. कोणते काम, कोणत्या ठिकाणी, कशामुळे अडते आणि काय केले असता ते सुरळीत होईल, एवढेच लिही.

समज, तुझा मजकूर असा असेल: ‘मला अल्पदृष्टी असून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची नक्कल सोबत जोडली आहे. नेहमीच्या आकाराची छापील अक्षरे मला कागद डोळ्यांजवळ धरून, थांबत थांबत वाचावी लागतात, व काही वेळाने ती एकमेकांत मिसळू लागतात. फळ्यावरील लेखन पहिल्या बाकावरूनही वाचता येत नाही. मी स्वहस्ते लिहू शकते. मात्र उत्तरपत्रिकेवरील फिकट रेघा मला दिसत नाहीत. सबब विनंती की, प्रश्नपत्रिका ठळक व मोठ्या टंकात मिळावी. जादा वेळ मिळावा. उजेड डोळ्यांवर न येता कागदावर पडेल अशी जागा मिळावी. नकाशावरील प्रश्नास पर्यायी प्रश्न असावा. आणि फळ्यावर लिहावयाचा मजकूर तासापूर्वी मोबाईलवर मिळावा.’ यात दुःखाचे एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक मागणीपुढे ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असे लिहिता येते. असा अर्ज टाळणे कठीण असते.

टक्क्यांविषयी तू विचारले आहेस. तुझ्या दाखल्यावर चाळीस टक्के आहेत, आणि आरक्षणासारख्या काही गोष्टींसाठी कायद्याने चाळिसाचीच मर्यादा घातली आहे. परंतु टक्का म्हणजे सर्वस्व नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या प्रसंगी सांगितले आहे. हाताच्या आखडण्यामुळे लिहिता न येणाऱ्या एका उमेदवारास, त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांत बसत नाही, या कारणास्तव केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने ठरविले की, लिहिण्याची अडचण खरी असेल तर लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीने अडवता येणार नाही. याच्या उलट टोकाचे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच. वाणी व भाषेचे अपंगत्व चाळिसाहून अधिक टक्के भरले म्हणून एका विद्यार्थ्यास वैद्यकीय शिक्षणासाठी अपात्र ठरविले गेले, मुंबई उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही म्हणून तो दिल्लीपर्यंत गेला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सविस्तर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ आकड्याकडे पाहून दार लावणे योग्य नव्हे. हा विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल किंवा नाही, याची तपासणी दिव्यांगत्व-मूल्यमापन मंडळाने केली पाहिजे. एकाचा आकडा कमी पडला, दुसऱ्याचा जास्त झाला, आणि दोघांनाही न्यायालयाने विचारले ते कामाविषयी. तुझ्या अर्जाचा रोख मी त्याच दिशेला का ठेवावयास सांगतो, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

आता लेखनिकाविषयी. तुला स्वहस्ते लिहिता येते, तरी लागोपाठ दोन दिवस प्रश्नपत्रिका असल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी डोळे साथ देत नाहीत, असे तू मागे बोलली होतीस. तेव्हा लेखनिकाचा विचार आत्ताच करून ठेव. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकासह तासाला किमान वीस मिनिटे जादा, आणि लेखनिक न घेणाऱ्यासही तीन तासांच्या परीक्षेस किमान एक तास जादा, असे धोरण होते. संस्थेने लेखनिक दिल्यास परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची भेट घडवावी, असेही त्यांत होते. लेखनिकाचे शिक्षण किती असावे याविषयीच्या अटी बदलत असतात, म्हणून चालू परिपत्रकाची नक्कल परीक्षा विभागातून मागून घे. परंतु कागदावरच्या अटींपेक्षा खरी अडचण माणूस मिळण्याची. तुझ्या मागच्या वर्गातल्या मुलींच्या स्वतःच्या परीक्षा त्याच सुमारास असतात. ज्या मोकळ्या असतात त्यांचे हस्ताक्षर चालेलच असे नाही. आणि इतिहासात विशेषनामांचा पसारा इतका की, तू ‘साल्हेर’ म्हणावेस आणि कागदावर ‘सालेर’ उतरावे. जिच्याकडून लिहवून घेणार तिच्याबरोबर घड्याळ लावून दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका पुऱ्या सोडव. परिच्छेद कोठे तोडावयाचा, नाव कसे लिहावयाचे, लिहिलेले परत कधी वाचून दाखवावयाचे, हे तुम्हा दोघींत आधीच ठरलेले असू दे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दृष्टी पूर्ण गेलेली असताना केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. आपल्या बोलण्याच्या वेगाने लिहू शकेल असा लेखनिक मिळविणे किती अवघड असते, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पहिल्या यशानंतर दृष्टीच्या कारणास्तव त्यांना रेल्वेच्या सेवेत घेतले गेले नाही. त्या पुन्हा परीक्षेस बसल्या आणि 124 वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. लेखनिकाने त्यांना उत्तरे दिली असे कोणी म्हणेल काय? तुझ्या मैत्रिणी काही बोलल्या तर त्यांना एवढेच विचार.

अर्ज प्राचार्यांच्या नावे लिही, आणि प्रश्नपत्रिका गणेशखिंडीतून, विद्यापीठाकडून येत असल्याने तो परीक्षा विभागाकडे शिफारशीसह पाठवावा, अशी विनंती त्यातच घाल. मोठ्या टंकातली प्रश्नपत्रिका ऐन वेळी कोणालाही काढता येत नाही. दोन प्रती कर. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या खिडकीपासून हलू नकोस. तोंडी होकार देणारे गृहस्थ सज्जन असले तरी बदली, रजा आणि विस्मरण यांपुढे तो टिकत नाही. मंजुरीचा कागद हाती आला म्हणजे त्याची एक नक्कल परीक्षेच्या दिवशी वर्गावरच्या पर्यवेक्षकांसाठी जवळ ठेव, कारण त्यांना बहुधा कोणीच काही कळविलेले नसते, आणि जादा वेळ सुरू होताच ते उत्तरपत्रिका गोळा करावयास येतात.

बहुतेक प्राध्यापक मनाने चांगलेच असतात. काय करावे हे त्यांना ठाऊक नसते, इतकेच. तेव्हा नकार मिळालाच तर आवाज न चढवता कारण लेखी माग. महाविद्यालयातील तक्रार निवारणाची जी व्यवस्था असेल तेथे पहिली दाद माग. तेथेही निभाव लागला नाही तर पुण्यात चर्च रोडवर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. साक्षीदारांस हजर करवणे, कागदपत्रे मागविणे यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने त्यांना दिले आहेत. इतके दूर जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही, पण रस्ता माहीत असलेला बरा.

अर्जाचा मसुदा तू स्वतः लिही, अक्काला किंवा मला लिहावयास सांगू नकोस. तुझ्या डोळ्यांविषयी तुझ्याइतके नेमके आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. लिहून झाला की पाठव; शुद्धलेखन मी तपासून देईन, मजकूर मात्र तुझाच राहील. परीक्षेचे अर्ज भरून घेण्यास सुरुवात होण्यापूर्वी तो दप्तरी रुजू झाला पाहिजे, म्हणून पंधरा दिवसांत तुझा मसुदा येण्याची वाट पाहतो. अक्कास नमस्कार सांग.

तुझा,
मामा